उडवणाऱ्याचा ठावठिकाणा

३ तारीख, सकाळ
सरकारला लाज नाही. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मागाहून. पंधरा तारखेपासून प्रत्येक ड्रोनला एक डबी बसवायची. ड्रोन कुठे आहे ते ती जगाला सांगणार, आणि उडवणारा कुठे उभा आहे तेही. ज्याच्या हातात फोन त्याला दिसणार. मुलगा बातमी वाचून दाखवत होता आणि हसत होता. ड्रोन त्याचाच. दोनदा उडवून कपाटावर फेकलेला. आता माझा. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेले हात आहेत, रिमोटच्या त्या दोन दांड्यांचं काय कौतुक.

४ तारीख, दहा वाजता
गच्चीवर टाकीमागे उभं राहून उडवला. हवामान बघायला. वाटेत दोन गल्ल्यांपलीकडे धाकट्या जावेचं घर लागतं, त्याला मी काय करू. आठ वर्षं बोलणं नाही. मागल्या महिन्यात न्हाणीघरात पडली म्हणे. मला सोयरसुतक नाही. दोरीवर निळी चादर, गाउन, दोन टॉवेल. म्हणजे बाई चालतेय. ठणठणीत.

७ तारीख
ड्रोनच्या सरकारी ऑफिसात गेले. दीड तास बाकावर. मग टायवाला भेटला. त्याला म्हटलं, मी गच्चीवर आणि खाली दार उघडं, हे चोराला कळवायची नोकरी तुला कुणी दिली. म्हणाला, आजी, सुरक्षेसाठी आहे. कुणाच्या, ते सांगेना. वर मलाच विचारतो, तुम्ही कॅमेऱ्यातून काय बघता. म्हटलं, ढग. म्हणाला, मग लपवायचं काय आहे. मेल्या, न्हाणीघराला कडी लावतोस तेव्हा काय लपवतोस? बाकावरचे सगळे हसले. टायवाला जेवायला गेला. जिंकले.

९ तारीख, दहा वाजता
निळी चादर, गाउन, दोन टॉवेल. रोज तेच. पहिल्यापासून कंजूष. गाउनची कड डावीकडे उसवलीय, एवढ्या उंचावरूनही दिसतं. सून म्हणाली, आई, एकदा जाऊनच या ना. म्हटलं, तिला पाय आहेत, ती येईल.

११ तारीख
वरच्या साहेबाला अर्ज लिहिला. चार पानं. सुनेने तपासायला घेतला आणि शिव्या खोडल्या. उरलं काय, तर महोदय आणि माझी सही. तसाच पाठवला. समझनेवाले समजतील.

१३ तारीख
डबी बसली. मुलाने परस्पर बसवली. नोंदणी माझ्या नावावर, फोटोसकट. फोटो लग्नातला, त्यात मी खाताना. म्हणाला, आई, नियम आहे. घरचा भेदी. दोन दिवस त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. (संध्याकाळी चष्मा सापडेना म्हणून बोलावं लागलं. ते धरायचं नाही.)

खरी भीती लिहून ठेवते, इथे कोण वाचतंय. सगळ्या जगाला दिसू दे मी कुठे उभी आहे ते. तिला दिसता कामा नये. तिला वाटेल मी तिच्यासाठी उभी राहते.

१५ तारीख, साडेनऊ
उपाय सापडला. स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल. डबीच काय, ड्रोनची अख्खी पाठ गुंडाळली. शिकलेल्यांना सुचलं नसतं.

१५ तारीख, सव्वादहा
आधी सरळ उठला. मग दारुड्यासारखा झुलला आणि वाऱ्याबरोबर चालता झाला. दांड्या ओढून ओढून अंगठा दुखला. जावेच्या अंगणात, निळ्या चादरीत जाऊन गुरफटला. माझा नाहीच म्हणून सांगायचं ठरवलं. मग आठवलं, त्यावर नाव आहे.

१६ तारीख, दुपार
जावेकडची आया ड्रोन घेऊन आली. फॉइल नीट घडी करून वर ठेवलेली. म्हटलं, तुझी बाई स्वतः का नाही आली, पाय झिजतात का. आया म्हणाली, खुब्याचं हाड मोडलंय, महिना झाला, खाटेवरून उठल्या नाहीत.

म्हटलं, मग कपडे कोण वाळत घालतं. म्हणाली, मीच, वाळलेलेच घालते. रोज पावणेदहाला बाई हाक मारतात, जाऊबाईंची वेळ झाली, टाक ते दोरीवर, नाहीतर ती बया कीव करायला घरात शिरेल.

विचारलं, माझी वेळ तिला त्या डबीतून कळली का. आया म्हणाली, कसली डबी. बाईंच्या खाटेसमोर खिडकी आहे, तुमची गच्ची सरळ दिसते. पहिल्या दिवसापासून बघतात. टाकी अरुंद आहे आणि जाऊबाई नाहीत, असं म्हणतात.

चहा विचारायचा राहून गेला.

जावेचा निरोप असा आहे: येणार की नाही ते एकदा कळवा, म्हणजे उद्या दोरीचं काय करायचं ते ठरवता येईल. आया संध्याकाळी उत्तर न्यायला परत येणार आहे.

उत्तर सुनेने द्यायचं. मी देणार नाही, मुलाने तर तोंडच उघडायचं नाही. दारातच सांगायचं, आत बोलवायचं नाही, आणि एवढंच सांगायचं: कपडे टाकू नका.