झाकणावरचं नाव

ए आई,

या आठवड्यात ऑफिसात मी पोट दुखेपर्यंत हसले, आणि कारण तू आहेस.

कांजूरमार्गच्या या पहिल्या नोकरीत आधी बरेच दिवस मी माझ्या जागेवर एकटीच जेवायचे. सोमवारी निधीने हाताला धरून सगळ्यांच्या टेबलावर नेलं. डबा तुझाच, लग्नात मिळालेला. शेजारच्या हर्षदने झाकण उचलून त्यावर कोरलेलं मोठ्याने वाचलं, "सौ. उत्तरा मधुकर परब." मग मलाच विचारतो, "काय गं उत्तरा, मधुकरराव काय करतात?"

मी आधीच बावरलेली. सरळ सांगून टाकलं, "मागच्या वर्षी रिटायर झाले."

निधी हळूच म्हणाली, "यार, तू तर आत्ताच कॉलेजातून आलीस ना?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "अरे, ते माझे बाबा! उत्तरा माझी आई!"

सगळे असे हसले की हर्षदला ठसका लागला. सावरल्यावर त्याने माझी सुकटही फस्त केली.

नाव मात्र मला चिकटलंच. काल निधीने विचारलं, "तुला चालतं ना? नाहीतर अबोलीच म्हणू." मी म्हटलं, उत्तराच म्हणा.

तू गेल्यापासून घरात तुझं नाव कुणी घेत नाही गं. चुकून निघालंच, तर बाबा उठून आतल्या खोलीत जातात. इथे मात्र दिवसभर कुणी ना कुणी ओरडतं, "ए उत्तरा, चहाला चल!"

आणि आपण दोघी जातो.

तुझी,
अबोली