मुठीत धरलेलं नाणं

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार, आणि तरीही तुमचं म्हणणं मला मान्य नाही. मी निघालो तेव्हा चारचौघांत तुम्ही म्हणालात, "नाणं वाजवून घ्यावं म्हणतात. हे आम्ही वाजवून पाहिलंय. बद्द आहे." तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला बरा असेल असं धरून मुद्द्यावर येतो.

ही म्हण आली कुठून, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत (तुम्हालाही ठाऊक नसावं). मला आमच्या मुकादमाने सांगितलं. पूर्वी नाणी चांदीची असायची. दुकानदार नाणं दगडावर टाकायचा. खणखणलं तर गल्ल्यात, आत शिसं असलं तर आवाज बद्द, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. पुढे लोक माणसांनाही तसंच पारखायला लागले.

माझं कामही तेच. कपबशांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला कप मी लाकडी काडीने वाजवतो. टण्ण वाजला तर पेटीत, बद्द वाजला तर तडा. पण मामा, मुठीत आवळून वाजवला तर धडधाकट कपही बद्दच वाजतो. बोटांच्या टोकांवर तोलावा लागतो. तुम्ही मला कसं धरलं होतं ते आठवा (कॉलरला).

तर आमच्या पॅकिंगमधल्या एका मुलीच्या घरी तिला मागणी घालायला गेलो होतो. तिने बजावलं होतं, "बाबांसमोर शहाणपणा करू नकोस." केला नाही. फक्त चहा आला तसा सवयीने कप वाजवला. बद्द. म्हणून तिच्या बाबांचाही वाजवला (त्यांच्या हातातला). ते म्हणाले, "हिच्या आईने घेतलेले कप आहेत. आजवर एक गळला नाही." मी म्हटलं, तडा आहे, दाखवतो, आणि जरा जोरात वाजवला. कपाचा कान त्यांच्या बोटांत राहिला, चहा मांडीवर. तडा होता हे मात्र त्यांनीही नाकारलं नाही.

मी उठलो तेव्हा म्हणाले, "तुला कपातलं कळतं. तुझ्यातलं कोणाला कळतं? त्याला घेऊन ये."

एकूण सगळं उत्तम चाललंय.

आपला भाचा

ता. क. मला मामानेच वाढवलं, असं त्यांना सांगून बसलोय. रविवारी यावं. आणि बोलताना मला बोटांच्या टोकांवर धरावं.

ता. क. आणखी एक. नवे कप मी नेऊन दिलेत. वाजवून.

ता. क. शेवटचं. सोबत आठशे पाठवतोय. येण्याचं भाडं. परतीचं तुमचं बोलणं ऐकून.