मठ्ठ रक्त

प्रिय ठमे,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. फोनवर बोलले असते तर 'आई, तुझं बीपी वाढेल,' असं म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

रविवारी जेवताना तू जावईबापूंना तुझ्या प्रयोगशाळेतली गंमत सांगत होतीस. फ्लूची लस दिल्यावर म्हाताऱ्यांच्या रक्तात किती प्रतिकारशक्ती तयार होते, ते तुम्ही मोजता. त्यात म्हणे एक्केचाळीस नंबरची एक बाई आहे, वय शहात्तर. लस टोचून चार आठवडे झाले तरी तिचं रक्त ढिम्म. इतकं मठ्ठ रक्त मी आजवर पाहिलं नाही, असं म्हणून तू हसलीस आणि वाढ म्हणून ताट पुढे केलंस. मी वाढलं.

बत्तीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलं. एकालाही मठ्ठ म्हटलं नाही. तुलाही नाही, आणि पाढ्यांच्या बाबतीत तू तशी संधी भरपूर दिली होतीस. ज्याला उशिरा कळायचं त्याला मी पहिल्या बाकावर बसवायची, तोच धडा पुन्हा, जरा मोठ्या आवाजात घ्यायची, आणि आजूबाजूच्या कार्ट्यांना गप्प करायची. म्हाताऱ्या शरीराचंही तसंच असतं, हे तूच मला समजावलं होतंस. नवं शिकणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होतात. जुने आजार पाठ असतात, पण यंदाच्या फ्लूचा धडा सहज डोक्यात शिरत नाही. थोडाफार शिरतो, आणि तेवढाही उपयोगी पडतो. पण तेवढ्यावर भागत नाही, म्हणून म्हाताऱ्यांच्या घरात वावरणाऱ्या तरण्या माणसांनीही टोचून घ्यावं. हे तू भाषणात सांगतेस. मागच्या महिन्यात त्यावर टाळ्याही घेतल्यास.

त्याच रविवारी, वाढता वाढता मी तुला सहज विचारलं, यंदा तू लस घेतलीस का. तू म्हणालीस, वेळ कुठे आहे, आणि मी काय म्हातारी आहे का? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! लस टोचतात ती खोली तुमच्याच जिन्याखाली आहे. तू दिवसातून चार वेळा तिच्यासमोरून चहाला जातेस.

तुझे बाबा दरवर्षी थंडीआधी नेमानं टोचून घ्यायचे. बाही दुमडून रांगेत पहिले उभे. तीन वर्षांपूर्वी तू नाक पुसत घरी आलीस, साधी सर्दी आहे म्हणालीस, आणि दुपारभर त्यांच्या खांद्याला खांदा लावून शब्दकोडं सोडवत बसलीस. चौथ्या दिवशी त्यांना ताप चढला. अकराव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी कागदावर फ्लू लिहिलं. त्या दिवसापासून आपण दोघींनी यावर चकार शब्द काढलेला नाही. मी आज काढते आहे. लागण कुठून झाली हे कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि मला करायचंही नाही. तू मुद्दाम काही केलं नाहीस, हे मला कळतं. पण तेव्हा तू लस घेतली नव्हतीस, आणि त्यानंतर तीन वर्षं झाली तरी घेतली नाहीस. दुःख मी गिळलं गं, हा संताप मात्र गिळवत नाही.

त्यांनी टोचून घेऊनही असं का झालं, हे मला समजून घ्यायचं होतं. तुला विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी तुमच्या इमारतीत आले, त्या जिन्याखालच्या खोलीत तुमच्या अभ्यासाचा फॉर्म भरला आणि दंड पुढे केला. तिथली नर्सबाई गुणी आहे, माझी शीर तिला पहिल्या फटक्यात सापडते. वर प्रयोगशाळेत फक्त नंबर जातो, नाव जात नाही, असं तिनं सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. ते मठ्ठ रक्त माझं आहे, ठमे. सोमवारी दहा वाजता मला मोठा डोस देणार आहेत, तोच धडा, जरा मोठ्या आवाजात. माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी असते. तू खाली ये, तिच्यात बस आणि बाही वर कर. त्यानंतरही दोन आठवडे थांब, लस अंगात मुरायला तेवढे दिवस लागतात हेही तूच सांगितलेलं. तोपर्यंत रविवारी जेवायला येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही, आणि मग दाराच्या आत बसून रडत राहीन.

तुझीच आई,
नंबर एक्केचाळीस