डाव्या पायात उजवी सँडल

बाबा,

तुमचा पत्ता आईलाही ठाऊक नाही, तरी आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. मी एकटीने पहिला समारंभ कॅमेऱ्यात टिपला! शेजारच्या यारेत्सीचा पंधरावा वाढदिवस. या दिवशी वडील मुलीला खुर्चीत बसवून, तिच्या सपाट चपला काढून तिला उंच टाचांच्या सँडल घालतात, तोच क्षण हुकला असता तर आपल्या त्लाकोलुला गावात मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. मी गुडघ्यांवर बसून टपलेच होते. तिचे वडील पायांकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले आणि त्यांनी उजवी सँडल डाव्या पायात कोंबली.

"अरे, पोरीला नाचायचंय, लंगडायचं नाहीये!" तिची आजी ओरडली. सगळा मांडव हसला, बापलेक हसता हसता रडायला लागले आणि मी बटण दाबलं. काय फोटो आलाय, बाबा! फेर्मिन मामा तर म्हणाला, "बये, जिंकलंस!"

माझ्या पंधराव्याला मामाच सँडल घालणार होता. मीच पाय मागे घेतले. माझ्या सँडल अजून खोक्यातच आहेत, आता मला होणारही नाहीत. पण तुम्ही सीमेपलीकडून परत आलात, तर कॅमेरा मामाकडे देऊन मी खुर्चीत बसेन.

चुकीच्या पायात घातलीत तरी चालेल.

तुमची, अजून सपाट चपलांतच पळणारी,
सोचित्ल