खालचा परिच्छेद

२४ डिसेंबर, सकाळी
नातू घरी आला. दोन महिने आधीच जन्मला म्हणून तीन आठवडे यवतमाळच्या रुग्णालयात काचेच्या पेटीत होता. वजन दिग्रसच्या बाजारातल्या मध्यम पानकोबीइतकं. निघताना डॉक्टरीणबाई पुष्कळ बोलल्या. पहिली दोन वाक्यं नीट ऐकली: बाळ स्थिर आहे, पोटासाठी चांगल्या जिवाणूंचे थेंब चालू ठेवा. पुढचं लेकीनं, मैत्रेयीनं ऐकलं. मी वीस वर्षं वार्ताहर आहे. महत्त्वाचं वर असतं. खालचा परिच्छेद जागेअभावी कापायचा असतो.
संकल्प: नातवाच्या आरोग्याची सर्व सूत्रं स्वतःकडे.

२५ डिसेंबर
मैत्रेयी म्हणते, बाबा, बाई शेवटी म्हनल्या होत्या, अशा बाळाच्या डोळ्यामागचा पडदा खराब होऊ शकते, महिन्याचं व्हायच्या आत डोळ्याच्या डॉक्टरले दाखवाच. म्हणजे ३ जानेवारीच्या आत. लेकीचे टाके ओले, बायकोला, सत्यशीलेला, गाडी लागते. तेव्हा न्यायची जबाबदारी माझी. तसं जाहीर केलं. डोळे मात्र टपोरे आहेत, आजीवर गेलेत. सत्यशीला म्हणाली, डोळे माह्यावर गेले ते बरं, अक्कल तुमच्यावर जाऊ नये म्हंजे झालं.

२७ डिसेंबर, दुपारी
शोध! मोबाइलवर परदेशी लेख सापडला. हेच थेंब दिलेल्या बाळांना पडद्याचा आजार कमी होतो का, याचा अभ्यास. पहिले दोन परिच्छेद वाचले. अत्यंत आशादायक. थेंब पोटात, काम डोळ्यात. अन्न आणि दृष्टी यांचा संबंध आपल्या आचार्यांनी केव्हाच सांगितला, हे लोक आत्ता पोचले. मैत्रेयीला समजावलं की उपचार सुरूच आहेत, तपासणी ही औपचारिकता. ती म्हणाली, मंग औपचारिकता करून टाका ना.
लेखमाला सुचली: 'आतड्याकडून डोळ्याकडे'. तीन भाग.

३० डिसेंबर
जीप सांगून ठेवली होती. थंडी फार. शिवाय सव्वा महिन्याच्या आत बाळ घराबाहेर काढत नाहीत. मी हे मानत नाही. पण शेजारच्या भागीरथाबाई मानतात, त्यांचं मन मोडवेना. सत्यशीला म्हणाली, नालीच्या भांडणात त्याइचं मन मोडलं तवा काई वाटलं नाई तुमाले? जीप रद्द.

२ जानेवारी
सहाला पत्रकार दिन. दारव्ह्याला माझा सत्कार, शाल-श्रीफळ. भाषण लिहायचंय. तपासणी सातला, पक्कं. चार दिवसांनी काय बिघडतं? थेंब स्वतःच्या हातानं देतोय.

६ जानेवारी
सत्कार उत्तम. ऐन वेळी भाषणाचा विषय बदलून आतडं आणि डोळा घेतला. अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. शाल नातवाला पांघरली. जावयाचा, प्रफुल्लचा, चंद्रपूरहून फोन: डोळे दाखवले का? प्रोसेसमध्ये आहे, म्हटलं.

१९ जानेवारी
सात तारखेची बस चुकली. मग बाळाला सर्दी. मग मला. दरम्यान प्रेसनोट आली: कमी दिवसांच्या बाळांची नेत्रतपासणी वेळेत करा. वरचे दोन परिच्छेद ठेवून पाठवली. आज माझ्या नावानं छापून आली. मैत्रेयीनं वाचली. म्हणाली, लोकायले सांगून राह्यले बाबा, अन् घरात?
कात्रण फाइलला लावलं.

२२ फेब्रुवारी
शास्त्रीय प्रयोग. खुळखुळा डावीकडे वाजवला, मान डावीकडे. उजवीकडे वाजवला, उजवीकडे. दृष्टी उत्तम. सगळ्यांना बोलावून दाखवलं. मैत्रेयी बघत राहिली, मग आत गेली.
लेखमालेचा पहिला भाग पूर्ण.

२४ फेब्रुवारी
उठलो तर घरात कोणी नाही. चहा झाकून ठेवलेला. मायलेकी बाळाला घेऊन यवतमाळला. मला न विचारता. फार लागलं. सत्यशीला वाटभर ओकत गेली म्हणे.
दुपारी तिचा फोन. तिथल्या डॉक्टरनं लगेच नागपूरला जायला सांगितलं. कायले, ते विचारलं, तर म्हणाली, तुमी या फक्त.

२६ फेब्रुवारी, नागपूर
या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटलेत. उजव्याचं काही होणार नाही. डाव्याचं ऑपरेशन करून पाहू; यशस्वी झालंच तर उजेड-अंधार कळेल. महिन्याच्या आत आणि नंतर सांगतील तेव्हा तुम्ही दाखवत राहिला असतात तर लेसरनं बहुधा थांबलं असतं. मी थेंबांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते पोटासाठी होते.
बाहेर प्रफुल्ल भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, प्रोसेसमध्ये होतं ना बाबा?

१ मार्च
तो परदेशी लेख खालपर्यंत वाचला. तळाशी लिहिलंय: पुरावा अपुरा. डोळ्यांच्या तपासणीला पर्याय नाही.
माझ्या हाती आला असता तर हाच परिच्छेद कापला असता.

२० मार्च
डाव्याचं ऑपरेशन झालं. वाट पाहा म्हणतात.
संकल्प नाही.

१४ एप्रिल, संध्याकाळी
नातू पाळण्यात जागा होता. जवळपास कोणी नव्हतं. खुळखुळा वाजवला. मान वळली, हसला. मग मी खुळखुळा मुठीत गच्च आवळला, आतला दाणाही हलणार नाही असा, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून नेला. डावीकडून. उजवीकडून. पुन्हा डावीकडून.
मैत्रेयी दारात कधीपासून उभी होती, कळलं नाही. म्हणाली, बाबा, वाजवा. आवाज आवडते त्याले.
वाजवला.