हाक कशी मारायची

१४ जुलै १९५९
सातवीत यंदा एकच मुलगी, रुमली. भिलाटीतली, गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतली. बाप दौल्या आमच्या शेतावर सालाच्या बोलीवरचा सालदार, माझ्या लहानपणापासून. फायनल पास झाली तर मास्तरीण होईल. अक्षर माझ्याहून चांगलं. दाराजवळ एकटी बसते. मी बसवलेलं नाही, आपणहून बसते. सगळ्यांना हेच सांगतो.

२२ जुलै
वाचताना ती अडखळली. मागून कुणीतरी, "ए भिलटी, बस खाली." सगळे हसले. छडी उचलली, मग ठेवली. छडीने काय होणार? हेडमास्तरांना म्हणालो, या विषयावर एक तास घेतो. "घ्या. पण गावात राहायचंय ना तुम्हाला?"

२४ जुलै
घेतला तास. आधी फळ्यावर नियम: हसायचं नाही, एकाचं संपल्यावर दुसऱ्याने बोलायचं. प्रश्न: आपण 'अहो' कुणाला म्हणतो, 'अरे' कुणाला? भराभर हात वर. वाण्याला अहो. तलाठ्याला अहो. सालदाराला अरे.
"आणि तो आजोबांच्या वयाचा असला तर?"
"तरी अरेच, गुरुजी. सालदार शे ना तो."
वाटलं, जमतंय. त्याच भरात रुमलीला उभं केलं. तू सांग, तुला काय वाटतं.
मान खाली घालूनच, "गुरुजी, तुम्हीन मन्हा बापले काय म्हनतस?"
कुणी हसलं नाही. नियम पाळला सगळ्यांनी. मी फळा पुसायला घेतला. तास लवकर सोडला.

२५ जुलै
गोष्ट घरी, वडिलांपर्यंत पोचली. आबा जेवता जेवता, "सालदारनी पोर भर वर्गमा तुले जाब इचारस, आन तू आयकी लेस?" आई वाढत राहिली. मी खाली बघून जेवलो. एकतीस वर्षांचा आहे मी.

२७ जुलै
रुमली आली नाही. शाळा सुटल्यावर शेतावर गेलो. दौल्या कपाशी निंदत होता. जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "दौलतभाऊ, पोरीची काही चूक नाही."
त्याने आधी चहूकडे पाहिलं. मग हात जोडले. "धाकला मालक, असं नका म्हनू. कोनी आयकी."
आबांच्या शिव्यांनी कधी इतका भ्यालेला पाहिला नव्हता. मी मान दिला म्हणून.

३ ऑगस्ट
रुमलीला मामाकडे धाडलंय, तळोद्याच्या वर डोंगरात. आबांनीच सांगितलं असेल दौलतला. आबांना विचारलं नाही. उद्या विचारीन असं रोज म्हणतो.

१६ ऑगस्ट
रविवार. तळोद्याहून जीप मिळाली, पुढे दोन कोस पायी. रुमली उतारावर गवत कापत होती. मला पाहून उठली, पण जवळ आली नाही.
म्हणालो, चूक माझी. फायनलला अजून वेळ आहे, चल परत.
"परत माले वर्गमा उभं करशात का?"
"नाही."
"आन तुम्हना आबा?"
आबांशी बोलेन म्हणालो. बोललो आहे, असं म्हणता आलं नाही.
तिने भारा बांधला. उचलायला हात लावू लागलो तर मागे सरली, एकटीनेच डोक्यावर घेतला. चार पावलं गेल्यावर, न वळता, "बापले इचारी सांगसू."
जीप निघून गेलेली. तळोद्यापर्यंत चालत आलो, घरी पोचेतो रात्र. आबा ओट्यावर बसले होते. "कोठे गयथा?"
सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून आत गेले. अजून बाहेर आलेले नाहीत.