दुसऱ्या पटावरच्या रिकाम्या खुर्चीबाबत

मी, हैबती कोंडीराम शेलार, वय ७२, भूमिअभिलेख खात्यातील निवृत्त लिपिक, मूळ गाव कुडपण, ता. पोलादपूर, सध्या राहणार नवेनगर, महाड, जि. रायगड, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे ते या कागदावर लिहून ठेवतो. माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणाचे दडपण नाही. लिहू नये म्हणून मात्र आहे.

१. बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी सौ. प्रयागबाई हिच्या. राहते घरही ती हयात असेपर्यंत तिच्याच ताब्यात राहील. तिला विचारल्याशिवाय भिंतीत कोणी खिळाही ठोकू नये. हे लिहीत असता ती शेजारी बसून आहे व म्हणते आहे, "पोटचा पोर हाय, जरा सांभाळून लिवा." सांभाळूनच लिहितो आहे.

२. कुडपण येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा पुतण्या साहिल कसतो. तो त्याचाच व्हावा. त्याच्या वडिलांशी माझा एका बांधावरून ते मरेपर्यंत अबोला राहिला. नोकरीत दुसऱ्यांच्या बांधांचे नकाशे काढून दिले, घरचा बांध मिटवता आला नाही. साहिलने तो बांध हवा तर मोडून टाकावा.

३. बुद्धिबळाचे सर्व पट, सोंगट्या व घड्याळे माझी विद्यार्थिनी कु. अक्षदा साळवी हिला द्यावीत. ओसरीवरचा रविवारचा वर्ग तिने चालू ठेवावा. माझा मुलगा चि. रितेश हाही याच ओसरीवर शिकला. हरला तरी उठून आधी हात पुढे करायचा. ते त्याला मी शिकवले नव्हते, त्याचे त्यालाच सुचले होते.

४. गतवर्षी महाडात माझा सत्कार झाला. त्यात मिळालेली शाल, फेटा व "राष्ट्राभिमानी खेळाडू" असे कोरलेले सन्मानचिन्ह मी कोणालाही देत नाही. ज्या मंडळाने दिले त्यांना परत करावे. वाचनालयाच्या खोलीला माझे नाव देण्याचे घाटत आहे, ते देऊ नये. मी गेल्यावर चौकात माझा फोटो लावू नये. याचे कारण पुढे लिहितो. तोंडाने सांगून पाहिले, कोणी ऐकून घेतले नाही. नोंदणी केलेला कागद निदान मधेच थांबवता येत नाही.

५. गेल्या दसऱ्यानंतर श्रीलंकेत आशियातील ज्येष्ठ खेळाडूंची एक स्पर्धा झाली. मी स्वखर्चाने गेलो. माझा गुडघा धड नाही म्हणून रितेश सोबत आला. पहिल्याच सकाळी नाश्त्याला मी त्याच्याशी बोलत होतो, तर पलीकडच्या टेबलावरून एक गृहस्थ उठून आले आणि म्हणाले, "तुमी म्हाडकडचे काय? माजी आय दासगावची. मी कराचीत जन्मलो, पन घरात हीच बोली हाय."

ते अजमल मुकादम. वयाने माझ्याहून थोडे लहान, गोदीतून निवृत्त झालेले. फाळणीनंतर त्यांच्या आईला लग्न करून कराचीला नेले, ती परत आलीच नाही. रोज फेरी संपली की आम्ही दोघे समुद्राकडेने चालत असू. त्यांनी दासगाव पाहिलेले नाही, पण खाडीच्या काठी कोणाचे घर कुठे होते ते त्यांना तोंडपाठ. एका संध्याकाळी त्यांनी आईला फोन लावून माझ्या हातात दिला. खतीजाबी नव्वदीच्या पुढे. नाव सांगितले तर म्हणाल्या, "शेलार म्हंजे डोंगरावरचा तू. तुमच्याकडचा नाचना आमच्या घरात यायचा."

शेवटच्या फेरीत दुसऱ्या पटावर माझी गाठ अजमलभाईंशी पडली. जो जिंकेल त्याला पदक होते. रात्री जेवताना आम्ही एकमेकांची चेष्टा केली. त्या दिवसांत आपले क्रिकेटचे खेळाडू त्यांच्या खेळाडूंशी हात मिळवत नव्हते, त्यावरून सगळीकडे कल्ला चालला होता. आम्हा दोन म्हाताऱ्यांशी त्याचा काही संबंध असेल असे मला वाटले नाही.

सकाळी रितेशने खोलीत येऊन सांगितले की पावसाने सभागृहातली वीज गेली आहे, फेरी दुपारी होणार. मी विश्वास ठेवला. पोटच्या मुलाच्या बोलण्याची कोणी खाली जाऊन खातरजमा करत नाही. दरम्यान त्याने मुख्य पंचांना सांगितले की माझे वडील पाकिस्तानी खेळाडूसमोर बसायला नकार देत आहेत. तेच बोलून त्याने मोबाईलवर व्हिडिओ केला आणि महाडला पाठवून दिला. नगरपरिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या व त्याला उभे राहायचे होते.

दुपारी मी खाली आलो तेव्हा सभागृहात खुर्च्या आवरणे चालू होते. दुसऱ्या पटाशी अजमलभाई तसेच बसून होते. पट मांडलेला, घड्याळ बंद, गुण त्यांच्या नावे लागलेला. पंचांकडून मला सारे कळले. मी अजमलभाईंना म्हणालो की मला यातले काही माहीत नव्हते.

ते म्हणाले, "माहीत हाय मला. तुमचा पोरगा माज्या मागं उभा राहून फोनवर सांगत होता, बाबांना कायबी बोललो नाय म्हणून. आपल्याच बोलीत. त्याला वाटलं, हितं कोनाला समजनार हाय."

म्हणजे सर्व ऐकूनही तो माणूस माझी वाट पाहत बसला होता. मी समोर बसलो व म्हणालो, पदक तुमचे आहेच, पण डाव खेळू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कोणी फोटो काढला तर तुम्हाला घरी त्रास आणि मला माझ्या घरी, असे ते म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. पंचांनी मला विचारले होते की लेखी तक्रार करायची आहे का. करायची तर मुलाने माझ्या नावाने खोटे सांगितले असे लिहावे लागले असते. मी लिहिले नाही.

महाडला पोचलो तर बॅनर लागले होते. सत्कारात माईक हातात आला तेव्हा मी म्हणालो, "मला खेळायचं होतं." त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला; खेळायचे असूनही देशासाठी सोडले असाच अर्थ सर्वांनी घेतला. पुढचे वाक्य मनात तयार होते; तोवर ढोल सुरू झाले आणि मला खाली बसवले. माझ्या वर्गातल्या मुलीही टाळ्या वाजवत होत्या. त्या मुलींकडे मला अजून नीट बघवत नाही. रितेश निवडून आला.

नंतर एकदा अजमलभाईंचा फोन आला. म्हणाले, "आयला मी सांगलंय, शेलार आजारी पडला म्हणून खेळायला आला नाय. म्हाडचं मानूस असं करील, हे तिला सोसायचं नाय. तुमीबी तसंच सांगा." मग खतीजाबींनी फोन घेतला. "बरा हायस का रे? तुज्यासाठी मी रोज दुआ मागते." मी म्हणालो, बरा हाय. तेव्हापासून त्या दर शुक्रवारी माझी चौकशी करतात आणि मी दर शुक्रवारी बरा असतो.

६. प्रयागबाईच्या पश्चात राहते घर रितेशला मिळावे, ते एका अटीवर. माझे दिवसकार्य झाल्यावर महिन्याच्या आत त्याने स्वतः खतीजाबींना फोन करावा व सांगावे की माझे वडील आजारी नव्हते, ते खेळायला तयार होते, मी त्यांना येऊ दिले नाही. हे आपल्या बोलीत सांगावे. दुसऱ्याकरवी निरोप देऊ नये. खतीजाबी तोवर राहिल्या नसतील तर अजमलभाईंना सांगावे. त्यांना ठाऊक आहे, तरी सांगावे. असे न केल्यास घर माझी मुलगी सौ. मानसी हिला जाईल. अट पाळली की नाही हे मानसीने ठरवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून मी तिलाच नेमतो.

हा मसुदा मी रितेशला आधी वाचायला दिला. वकिलांनी नको म्हटले होते. त्याने ओसरीवर बसून वाचला. मला वाटले, भांडेल. तो म्हणाला, "बाबा, घर ताईला द्या. मी कुठंही सही करतो. पण त्या म्हातारीला फोन करायला लावू नका. मला तोंड उघडवणार नाय."

निवडून आल्यापासून तो माझ्याशी देशाबद्दल पुष्कळ बोलला होता. असे शरमून एकदाही बोलला नव्हता. तोपर्यंत हे कलम ठेवावे की काढावे याबद्दल माझे मन ठरत नव्हते. त्यानंतर मी ते कायम केले.

वरील सर्व मजकूर मी स्वहस्ते लिहिला असून दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून सही केली आहे. दोघांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या आहेत. या कागदाने दोघांपैकी कोणालाही काही मिळत नाही.

सही : हैबती कोंडीराम शेलार

साक्षीदार :
१. बुद्धरत्न यशवंत गायकवाड, निवृत्त शिक्षक, महाड
२. शहबाज इस्माईल ढोकले, वाहतूक व्यावसायिक, दासगाव

स्थळ : महाड
दिनांक : १२ मार्च २०२६